न घेतलेली पोती

उंबरमाळच्या ठाकरवाडीत फुकटचं वाटायला येणाऱ्यांची कधी वानवा नव्हती. भाजे गावाच्या वर, विसापूरच्या कुशीत बावीस घरांची ही वाडी. लोणावळ्याला हवा खायला आलेल्या लोकांना दया सुटली की ती नेमकी इथंच येऊन उतरायची. थंडीत ब्लँकेटं, पावसाळ्यात ताडपत्र्या, दिवाळीला फराळाचे डबे. देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली आणि समोर मोबाईल धरून तिसरा कुणीतरी. गेल्या थंडीत राजेंद्रशेठकडून ब्लँकेट घेताना फोटो नीट येईना, तेव्हा मंगलला ते तीनदा परत देऊन तीनदा घ्यावं लागलं होतं. ब्लँकेट उबदार होतं, त्याला नावं कशाला ठेवा. पण पांघरलं की तिला ते तीन फोटो आठवायचे आणि उगाच गरम व्हायचं.

म्हणून आषाढात एका सकाळी दारात एक माणूस येऊन उभा राहिला, तेव्हा तिला आधी काही उमगेचना. डोकं तासलेलं, पाय अनवाणी, अंगावर फणसाच्या लाकडाच्या रंगाचं चीवर आणि पोटाशी धरलेलं एक काळं पात्र. नजर जमिनीवर. मागणं नाही, गाणं नाही, आशीर्वाद नाही.

“काय पायजे?” मंगलनं विचारलं.

तो गप्पच.

“मुकं हाय जनू,” शेजारच्या ओट्यावरून बाया म्हणाली. बाया म्हणजे मंगलची शेजारीण, आणि वाडीचं तोंड. जे सगळ्यांच्या मनात असतं ते बायाच्या जिभेवर असतं, एवढाच काय तो फरक.

शेवटी मंगलचा सासरा नवसू काठी टेकत बाहेर आला. त्याला डोळ्यांनी अंधुक दिसायचं, म्हणून तो माणसं आवाजानं ओळखायचा आणि आवाज नसला तर बेचैन व्हायचा. “बाबा, कोन तुमी? हितं कशापायी उभं ऱ्हायला?”

“विचारलंत म्हणून सांगतो, आबा,” तो माणूस म्हणाला, आणि चक्क शुद्ध पुणेरी मराठीत. तो भिक्खू होता, लोक त्याला भंते म्हणायचे. परंदवडीचा जन्म, तिथल्याच एका कारखान्यात फिटर होता, मग बारा वर्षं थायलंडच्या जंगलात काढून परत आला. आता पावसाळ्याचे तीन महिने एकाच जागी राहायचं, त्याला वर्षावास म्हणतात. जागा शोधत फिरत होता.

नवसूनं त्याला जागेवरच आपली खोप देऊन टाकली. वरच्या माळावर, रानडुकरांपासून पीक राखायला बांधलेली. मग बाजेवर बसून त्यानं त्याला वकिलासारखे प्रश्न विचारले आणि भंत्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. सकाळी पात्र घेऊन दारोदार उभं राहायचं, पण मागायचं नाही. सुचवायचंसुद्धा नाही. कुणी आपल्या हातानं पात्रात घातलं तर ते आपलं. नुसतं ठेवून गेलेलं आपलं नव्हे. शिजवलेलंच घ्यायचं, कच्चं धान्य नाही, आणि आपण चूल पेटवायची नाही. बाराच्या आत खाऊन मोकळं व्हायचं. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत पाणी. उरलं तर उद्याला ठेवायचं नाही.

“आन रानातलं? करटुली, चिचुरडी, मध?”

“झाडाचं पानही तोडत नाही, आबा.”

“जांबूळ आपसूक खाली पडल्यालं आसलं तर?”

“तेही कुणीतरी उचलून हातात द्यावं लागतं.”

यावर बाया एवढी हसली की तिला ठसका लागला. “रानात ऱ्हानार आन रानातलं काय तोडनार न्हाई! आवो, मग ह्येंच्यापरीस माकड सुखी!” आणि वाडीचंही खरंच होतं. ज्यांची अर्धी चूल रानावर चालते, त्यांना असा रानातला माणूस बघून हसू येणारच. पुढं आठ दिवस नवसू ज्याला त्याला ती पडलेल्या जांभळाची गोष्ट सांगत होता.

मंगल मात्र हसली नाही. ती आत गेली, टोपलीतली नाचणीची भाकरी घेतली, वर कुर्डूची भाजी ठेवली आणि बाहेर येऊन पात्रात घातली. घालताना तिचं लक्ष गेलं. पात्र खाली होतं आणि तिचा हात वर. समोर फोटो काढायला कुणी नव्हतं. भंत्यांनी मान लववली आणि ते पुढच्या दाराकडं गेले. मंगल तशीच थोडा वेळ उभी राहिली. तिला रडू येत होतं, आणि का येतंय ते सांगता आलं नसतं.

त्या दिवसापासून तव्यावरची पहिली भाकरी भंत्यांची. नवरा गेल्यापासून मंगल लोकांच्या शेतात राबून घर ओढत होती. लावणी, तण काढायची बेणणी, जे पडेल ते. तरी पहाटे उठून, अंघोळ करून ती भाकरी थापायची, आणि भंते येऊन गेल्याशिवाय कामाला हलायची नाही. मुकादमाची बोलणी खायची, पण हलायची नाही. हळूहळू वाडीतली आणखी सहा-सात घरं द्यायला लागली. कुणी वरईचा भात, कुणी हुलग्याचं पिठलं. भाज्यातलीही दोन घरं द्यायची. माणूस एक आणि पोट एक, असं कितीसं लागणार होतं?

असे दोन महिने गेले, आणि भाद्रपदात राजेंद्रशेठला भंत्यांचा शोध लागला.

शेठ वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. लोणावळ्यात त्याची दोन हॉटेलं होती, मन मोठं होतं, आणि ते मन दर शनिवारी गाडीत घालून तो कुठंतरी निघायचा. फक्त त्याला प्रश्न विचारायची सवय नव्हती. या खेपेला शनिवार हुकला, म्हणून रविवारी तो टेम्पो घेऊन वाडीत आला. तांदूळ, गव्हाचं पीठ, डाळ, तेलाचे डबे, वर गॅसची शेगडी आणि टाकी. भंते भिक्षेसाठी भाज्यात उतरले होते. शेठला थांबायला वेळ नव्हता. वाडीतल्या चार गड्यांना आणि दोन बायकांना रोजावर लावून त्यानं सगळं वरच्या खोपीत नेऊन ठेवलं. त्या दोन बायकांतली एक मंगल. पिठाचं पोतं डोक्यावर घेऊन ती तो चढ चढली, कारण त्या दिवशी दुसरं काम नव्हतं.

निघताना शेठ म्हणाला, “मावशी, आता तुम्ही लोकांनी त्रास घ्यायचा नाही. तुमचंच तुम्हाला पुरत नाही. भंतेजींची तीन महिन्यांची सगळी सोय मी केलीये.”

वर्षावास संपायला महिनाच उरला होता, पण तेही त्यानं विचारलं नव्हतं. जाता जाता भाज्यातही तो हेच सांगून गेला.

‘तुमचंच तुम्हाला पुरत नाही.’ मंगलच्या कानात ते वाक्य दिवसभर गांधीलमाशीसारखं घोंघावत राहिलं. आणि शेठपेक्षा तिला राग आला भंत्यांचा. दोन महिने आमची भाकरी गोड लागली, आणि आता पोती आली की संपलं? एका शब्दानं तरी सांगायचं. आता राग आला की माणूस सरळ विचार करत नाही. नवसूच्या बाजेपाशी बसून सगळे नियम तिनं स्वतःच्या कानांनी ऐकले होते. त्यातला एकही तिला त्या दिवशी आठवला नाही.

दुसऱ्या सकाळी भंते आले. बायानं ओट्यावरूनच हात जोडले. “बाबा, लय झ्याक झालं बगा. शेटनं समदं भरून दिलं. आता पावसापान्याचं खाली यायचं काम न्हाई तुमाला.”

भंत्यांनी मान लववली. दुसऱ्या दारी उभे राहिले, तिसऱ्या दारी. मंगलच्या दारी नेहमीपेक्षा थोडे जास्तच थांबले, असं तिला वाटलं. ती कुडामागं उभी होती. कारवीच्या फटीतून तिला त्यांचे पाय दिसत होते, चिखलानं माखलेले. तिनं श्वास रोखून धरला आणि बाहेर गेली नाही. पाय वळले आणि निघून गेले.

तिसऱ्या दिवशीही आले, चौथ्या दिवशीही. एकदा बायाच्या सुनेनं मूठभर भात घातला, तेवढाच. “घर भरलंया तरी दारात येतंया,” बाया फणकारली. “हाव काय सुटत न्हाई मानसाची.” मंगलला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करायलाच हवं. पण त्या बऱ्या वाटण्याच्या खाली काहीतरी टोचत होतं.

शुक्रवारी ती बेणणीवरून दुपारी लवकर परतली तर नवसू बाजेवर उठून बसला होता. गुडघे धरल्यामुळं तो आठवडाभर आतच होता.

“मंगल, बाबाची चाल बदाल्ली.”

“बदलू द्या.”

“आगं, पावलाला जोर न्हाई. आज हितं घरामागं, वाघोबाच्या दगडापाशी बसला तो. दोन म्हैन्यांत कदी बसला न्हवता. मी ऐकलं ना. बसला, मंग उठला, मंग चार पावलं जाऊन फिरून थांबला.” म्हाताऱ्यानं आपली अंधुक नजर तिच्याकडं वळवली. “भरल्या पोटाचा मानूस आसा चालत न्हाई, पोरी.”

मंगल दारातूनच वळली. तिनं डोक्यावरचं इरलं खाली ठेवलंच नाही. तशीच बायाच्या ओट्यावर गेली आणि तिला हाताला धरून उठवलं. एकट्या बाईनं खोपीत भेटायला यायचं नाही, हाही भंत्यांचाच एक नियम होता. तो मात्र तिला आता बरोबर आठवला.

वर माळावर पोचल्या तर भंते खोपीच्या बाहेर, वळचणीखाली बसलेले. अंगावर पावसाचे शिंतोडे येत होते. आत का बसत नाहीत ते मंगलला दारातूनच दिसलं. आत जागाच नव्हती. पोती जशी ठेवली होती तशीच उभी होती. तिनं स्वतः ठेवलेलं पिठाचं पोतं डावीकडं कललं होतं, ते अजून तसंच कललेलं. तांदळाचं एक पोतं घुशींनी फोडलं होतं आणि दाणे दारापर्यंत सांडले होते. शेगडीवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा कुणी काढला नव्हता.

“बाबा,” मंगल म्हणाली. “तुमी जेवला का?”

“आज नाही.”

“काल?”

“नाही.”

“शेट गेल्यापास्नं?”

“एकदा. मूठभर भात.”

बायानं तोंडावर हात ठेवला. ‘हाव’ म्हणालेली जीभ तिला त्या क्षणी कुठं ठेवावी ते कळेना.

“आन ही पोती?”

“विचारलंत म्हणून सांगतो. ती मला कुणी दिली नाहीत. मी नसताना ठेवून गेले. दिली असती तरी कच्चं धान्य मला घेता आलं नसतं.”

“मंग बोलायचं न्हाई व्हय!” मंगल ओरडलीच. साधूवर ओरडू नये वगैरे तिला काही सुचलं नाही. “दारात येऊन उभं ऱ्हायला, आन एक शबूद न्हाई तोंडातनं?”

“ते सांगणं म्हणजे मागणंच झालं असतं,” भंते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती, आणि त्यामुळंच मंगलला जास्त लागलं. “आणि कामाचे दिवस आहेत. तुमच्या सवडीवर माझा हक्क नाही.”

कोपऱ्यात त्यांचं दुसरं चीवर घडी करून बांधलेलं तिला दिसलं. वर छत्री खोचलेली. “ह्ये काय?”

“उद्या काही मिळालं नाही तर निघावं लागेल. चालायची ताकद आहे तोवर. जिथं पोट भरत नाही तिथला वर्षावास सोडायची मुभा आहे.”

म्हणजे लोक म्हणणार, उंबरमाळला पोट भरलं नाही म्हणून गेले. बावीस घरं असून एका माणसाला पुरेशी भाकरी निघाली नाही. शेठ म्हणाला होता तेच खरं ठरलं असतं, आणि ते खरं करायला मंगलच कुडामागं लपून उभी राहिली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं पुसलं आणि मोबाईल बघितला. एक वाजून गेला होता.

“आत्ता आनते भाकरी.”

“आज नाही, मंगलताई. बारा टळून गेले.”

“पाच दिसाचं उपाशी! कोन बगतंय हितं?”

भंत्यांनी फक्त मान हलवली. मंगलनंही पुढं वाद घातला नाही. पाच दिवस उपाशी राहून ज्यानं नियम मोडला नाही, तो आता तिच्या आरडाओरड्यानं मोडणार होता थोडाच? आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला तो माणूस आपला वाटला. अडून बसायचं कसं असतं ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

“मी रुसले व्हते,” ती म्हणाली. “म्हून आले न्हाई दारात. उद्या येते. तुमी खाली येऊ नका, आमीच वर येतो. पन ती छत्री काढा तितनं.”

दोघी घसरत-सावरत उतरल्या. वाडीत शिरल्यावर बायानं डावीकडची घरं घेतली आणि मंगलनं उजवीकडची. आणि बाया एकदा बोलायला लागली की कुणाच्या घरात काय शिजणार ते तीच ठरवते. संध्याकाळच्या आत सगळ्या वाडीला माहीत झालं होतं की पोत्यांच्या शेजारी बसून माणूस उपाशी राहिला, आणि का राहिला.

दुसरा दिवस शनिवार. पाऊस असा धरून आला होता की समोरचा लोहगड दिसेना. मंगलची लाकडं ओली, चूल धुमसत राहिली. फुंकून फुंकून तिचे डोळे लाल झाले. नवसू बाजेवरून विचारत होता, “झाली का? किती वाजलं?” साडेदहाला तिनं दोन भाकरी फडक्यात बांधल्या, त्यांवर इरलं धरलं, स्वतः भिजली आणि निघाली. मागं बाया पातेलं घेऊन, बायाची सून, आणि त्यांच्यामागं एकेक करत वाडी. कामावर कुणीच गेलं नव्हतं. वाटेतल्या ओढ्याला मांडीभर पाणी होतं. गडी दोन्ही काठांना उभे राहिले आणि डबे हातोहात पलीकडं गेले.

खोपीपाशी भंते उठून उभे राहिले, हातात पात्र. उभं राहताना त्यांनी खांबाला धरलं. छत्री बोचक्यातून काढून वळचणीला टांगलेली होती. मंगलला तेवढं बघूनच जीव भांड्यात पडल्यासारखं झालं.

रांग लागत होती तोच मागून आवाज आला, “अरे वा! सगळे इथंच?” राजेंद्रशेठ. पाहुण्यांना गाडीत बसवून, रेनकोट घालून, चिखलात घसरत तो वर आला होता. त्यानं आत डोकावून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. “हे काय? काही उघडलंच नाही? भंतेजी, माल चांगला नाहीये का?”

“माल चांगला हाय, शेट,” मंगल म्हणाली. “पन तो तुमचाच हाय अजून. त्येंनी घेतल्यालाच न्हाई. हातानं द्यावं लागतं. शिजीवल्यालं. बाराच्या आत. रोज.” मग तिनं सगळंच सांगितलं, पाच दिवसांचं. स्वतः कुडामागं लपली होती तेही सांगितलं, गाळलं नाही.

शेठ ऐकत राहिला. पावसाचं पाणी त्याच्या टोपीवरून नाकावर गळत होतं, ते पुसायचंही त्याला भान राहिलं नाही. “माझ्यामुळं पाच दिवस उपाशी?” तो हळू म्हणाला. त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. पाकिटाचा इथं उपयोग नव्हता, मोबाईलचा नव्हता, आणि आतल्या चार पोत्यांचाही नव्हता. त्यानं रांगेकडं बघितलं. पातेली, डबे, फडक्यातल्या भाकरी. पिशवीतली दोन केळी घेऊन आलेली एक म्हातारी. रिकाम्या हातानं उभा असलेला तो एकटाच होता.

“मग मी आता काय देऊ?” त्यानं विचारलं. काय द्यावं ते उंबरमाळमध्ये शेठनं विचारल्याची ही पहिलीच वेळ.

मंगलनं मोबाईल बघितला. बाराला वीस मिनिटं कमी होती. तिला ब्लँकेट आठवलं, ते तीन फोटो आठवले, आणि ‘तुमचंच तुम्हाला पुरत नाही’ हेही आठवलं. बोलायचं म्हटलं असतं तर बोलण्यासारखं खूप होतं. तिनं फडकं सोडलं. दोन भाकरींतली एक मधोमध मोडली आणि अर्धी शेठसमोर धरली.

“घ्या.”

शेठनं दोन्ही हात पुढं केले, ओंजळ करून. वरून मंगलनं भाकरी ठेवली. गरम होती अजून.

“आता त्येंच्या पात्रात घाला. आन सरका पुडं, मागं मानसं भिजत्यात.”

शेठनं वाकून भाकरी पात्रात घातली. भंत्यांनी मान लववली, जशी ते सगळ्यांना लववायचे तशीच, कमी नाही आणि जास्त नाही. मंगलनं उरलेली दीड भाकरी घातली. मग बाया, मग तिची सून, मग केळीवाली म्हातारी. बाराला पाच मिनिटं असताना भंते बसले आणि त्यांनी पहिला घास घेतला, तेव्हा माळावर कुणी बोलत नव्हतं. बायासुद्धा.

शेठ बाजूला उभा होता. हाताला लागलेलं नाचणीचं पीठ त्यानं झटकलं नव्हतं.

“मावशी,” तो म्हणाला, “उद्या किती वाजता येऊ?”

“धाच्या आत,” मंगल म्हणाली. “आन भाकरी सोता थापून आना.”